हुंकारा

लिंबायतच्या आमच्या खोलीत रात्र कधी एकटी आली नाही. तिचा पदर धरून यंत्रमागाच्या संच्यांचा आवाज यायचा. भिंतीपलीकडच्या खात्यातून, गल्लीच्या टोकाकडून, मिठी खाडीच्या पल्याडून एकच खटक्-खट, खटक्-खट. जणू सगळं सुरत शहर कुशीवर वळून एकाच छातीने श्वास घेत आहे. त्या आवाजात आम्ही जेवलो, रुसलो, पाढे पाठ केले, तापाने फणफणलो. दिवाळीच्या सुट्टीत संचे थांबले की त्या शांततेनेच मला जाग यायची.

त्या आवाजावर आजी गोष्ट सांगायची.

आजी शिरपूर तालुक्यातल्या तापीकाठची. नरडाण्याहून पॅसेंजर धरून ती उधन्याला उतरायची तेव्हा तिच्या बोचक्यात कळण्याचं पीठ असायचं, वाळलेल्या मिरच्या असायच्या, आणि काखेत घडी घातलेली गोधडी. रात्री दिवा मालवला की ती गोधडी आम्हा तिघा भावंडांवर पसरायची. तिला जुन्या लुगड्यांचा, चुलीच्या धुराचा आणि उन्हाचा वास होता. आजी पहिलं वाक्य बोलायची आणि थांबायची. तिचं थांबणं अंधारातही दिसायचं.

"हुंकारा दे व माय, नहीते गोट वाट चुकी जाई."

मग आमच्यातलं कुणीतरी "हं" म्हणायचं आणि रानात अडकलेला राजा एक पाऊल पुढे टाकायचा. पुन्हा "हं", पुन्हा एक पाऊल. हुंकारा आला नाही तर राजा विहिरीच्या काठाशी तसाच उभा. घसा कोरडा, पाणी समोर, आणि पोहरा काही केल्या खाली जात नाही. एकेक करत आम्ही झोपेत बुडायचो, शेवटचा हुंकारा विझायचा, आणि आजीही तिथेच थांबायची. दुसऱ्या रात्री गोष्ट बरोबर त्याच विहिरीशी सुरू व्हायची. आजीला पुढचं सगळं ठाऊक होतं. तरी ती एकटीने पुढे जात नसे.

आबांची रात्रपाळी असायची. सकाळी सात वाजून गेले की ते दारात उभे राहायचे. कानांत कापसाचे बोळे, भुवयांवर धाग्याचे बारीक तंतू, चेहऱ्यावर जागरणाचा राखाडी उजेड. खात्यात आवाज एवढा की माणसं एकमेकांचे ओठ वाचत, हातांनी बोलत. घरी आल्यावरही थोडा वेळ आबा हातांनीच पाणी मागायचे. जीभ घरी पोचायला वेळ लागायचा.

आम्ही गावाहून सुरतेला येण्याआधी तीन वर्षं ते एका खोलीत राहिले. खोलीत माणसं आठ आणि अंथरुणं चार. अर्धी माणसं दिवसपाळीला, अर्धी रात्रपाळीला. आबांच्या अंथरुणाचा दुसरा धनी ओडिशातल्या गंजामचा होता. त्याला मराठी येत नव्हती, आबांना ओडिया. दोघांच्या मधल्या हिंदीत जेमतेम पन्नास शब्द असतील. पाळी बदलताना पाव तास भेट व्हायची. एकजण चपला काढायचा, दुसरा घालायचा. आबा आडवे व्हायचे तेव्हा गोधडीत त्याची ऊब असायची, उशीत त्याच्या डोक्याचा खळगा असायचा. हिवाळ्यात ती ऊब म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी पेटवून ठेवलेली शेगडी वाटायची, असं ते सांगत.

"आम्ही तीन वरीस एकच गोधडीमा झोपनूत," आबा म्हणत, "पन एकसंगे कधीच नही."

ते हे हसून सांगत. मी लहान होते, मीही हसायचे. त्या वाक्यात काय आहे हे कळायला मला एका परदेशी मैत्रिणीची सकाळ व्हावी लागली.

वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात मी शिकत होते तेव्हा झिंबाब्वेहून आलेली एक मुलगी ग्रंथालयात माझ्या शेजारी बसायची. रोज सकाळी मी तिला विचारायचे, झोप झाली का? ती चटकन उत्तर देत नसे. आधी माझ्याकडे नीट पाहायची, मग हसून म्हणायची, "झाली." एकदा मी त्या पाहण्याचं कारण विचारलं. ती म्हणाली, आमच्या शोना भाषेत याचं उत्तर एकट्याला देता येत नाही. कुणी विचारलं, रात्री कशी झोप लागली, तर म्हणायचं, "न्दारारा काना मरारावो." तुला लागली असेल, तर मला लागली.

खिडकीबाहेर निलगिरीची पानं हलत होती. पुस्तकावर ऊन आलं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर एक गोधडी उलगडली. अर्धी रात्रीची, अर्धी दिवसाची. गंजामचा माणूस उठून कामाला गेला की आबांना झोप मिळायची. आबा उठून गेले की त्याला. एकाचं जागणं ही दुसऱ्याची झोप होती. शोना भाषेतलं ते उत्तर माझे वडील तीन वर्षं अंगावर पांघरून झोपले होते.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी तापीच्या काठाला पोंक खायला गेलो. सुरतेचा पोंक म्हणजे आपला हुरडा. कोवळी, हिरवी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून झोडलेली ज्वारी, वरून तिखट शेव, लिंबू. तिने मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि तिचा चेहरा एकदम सहा-सात वर्षांच्या मुलीसारखा झाला. "मापफुंदे," ती म्हणाली. त्यांच्याकडचं ज्वारीचं नाव. तिच्या आजीच्या शेतातलं.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गाठोड्यातून, कुठल्या तरी गलबतातून ती समुद्र ओलांडून आली आणि खानदेशाच्या काळ्या मातीत इतकी रुजली, की आजीच्या बोचक्यातलं कळण्याचं पीठ मी आजवर अस्सल आपलं समजत आले होते. आपलं ते होतंच. फक्त ते "आपलं" माझ्या समजुतीपेक्षा फार मोठं होतं. त्या संध्याकाळी पाण्यावर केशरी उजेड पसरला होता, आणि आम्ही दोन आज्यांच्या नाती एकाच दाण्याचा हिरवा, धुरकट गोडवा चावत बसलो होतो.

तिथेच तिने मला सांगितलं, तिची आजी गोष्ट कशी सांगायची. दिवस मावळल्यावर, विस्तवाभोवती. आजी एक वाक्य बोलायची आणि थांबायची. मग सगळी मुलं एका सुरात म्हणायची, "झेपफुंदे." तेव्हा कुठे पुढचं वाक्य यायचं. दिवसा गोष्ट मागायची नाही, आणि उत्तर न देता ऐकायची नाही.

मी काही बोलले नाही. नुसतं "हं" म्हटलं.

नंतर मी पुस्तकं शोधली. माणूस माणसांमुळे माणूस होतो, हा दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा विचार. त्या माणूसपणाला ते उबुंतू म्हणतात. शोना भाषेत तोच शब्द उन्हू होतो, त्स्वाना भाषेत बोथो, स्वाहिलीत नुसता उतू. भाषा बदलते तसा शब्द रूप पालटतो, जसं पाणी घागरीत घागरीएवढं आणि ओंजळीत ओंजळीएवढं. केनियाच्या जॉन म्बिती यांनी 1969 सालच्या आपल्या ग्रंथात ही धारणा जगापुढे मांडली: आम्ही आहोत म्हणून मी आहे. काळाची घडी उलगडताना त्यांनी स्वाहिलीतले दोन शब्द घेतले. सासा, म्हणजे ज्यात आपण श्वास घेतो तो आत्ताचा काळ; आणि झमानी, म्हणजे ज्यात सगळं अखेरीस विसावतं तो अथांग भूतकाळ. गेलेलं माणूस जोवर कुणाच्या तरी आठवणीत नावानिशी उभं आहे, तोवर ते सासातच राहतं. झमानी वाचताना मला "जमाना" ऐकू आला. दुनिया तिकडेही दुनियाच, किताब तिकडे किताबू, रंग तिकडे रांगी. अरबी समुद्राने दोन्ही किनाऱ्यांच्या ओंजळीत सारखेच शंख टाकले आहेत.

झिंबाब्वेत 1999 साली एका राष्ट्रीय आयोगाने शिफारस केली, की शाळेचा पाया हे उन्हू असावं. मी ते वाचलं आणि मला माझी शाळा आठवली.

सुरत महानगरपालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात. गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी. आमची मराठी माध्यमाची. दुपारच्या सुट्टीत सगळ्या भाषा पाण्याच्या टाकीशी एकत्र यायच्या. तहानेला माध्यम नव्हतं. घरात मी अहिराणी बोलायचे, वर्गात मराठी, दुकानात गुजराती, गल्लीत हिंदी. एका दिवसात चार घरं बदलल्यासारखं व्हायचं, आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर जरासं अडखळायला व्हायचं.

मी हुशार होते. हुशार असण्यात मी पहिली गोष्ट शिकले ती पाटी झाकण्याची. गणित सुटलं की डावा तळहात आकड्यांवर पालथा ठेवायचा, शेजारणीला दिसू नये म्हणून. हात घामेजायचा, आकडे पुसट व्हायचे, तरी तो उचलायचा नाही. एके दिवशी बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. माझा हात त्यांनी हळूच उचलून धरला. तळव्यावर खडूचे उलटे आकडे उमटले होते. "बघ," बाई म्हणाल्या, "झाकून ठेवलं ते तुलाही वाचता येत नाही." मग त्यांनी मला शेवटच्या रांगेतल्या मुलीशेजारी बसवलं. तिला भागाकार समजला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मलाही तो त्या दिवशी पहिल्यांदाच समजला होता.

पण एक धडा चुकलाच. मोठ्या वर्गात गेल्यावर मला अहिराणीची लाज वाटू लागली. एकदा शाळेच्या फाटकाशी आबांनी मला मोठ्याने हाक मारली. त्यांच्या सदऱ्यावर धाग्याचे तंतू होते, कानांत बोळे होते. मैत्रिणीने विचारलं, कोण गं ते? मी म्हटलं, ओळखीचे आहेत. आबा ओठ वाचायचे. वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी ते वाचलं असेल का, हे मी आजतागायत विचारू शकलेले नाही.

शिकणं कधी कधी असं तोडत जातं.

केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांनी या तुटण्यावर आयुष्यभर लिहिलं. त्यांच्या लहानपणी शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छडी मिळायची, गळ्यात अपमानाची पाटी अडकवली जायची. पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून नाव झाल्यावर ते आपल्या गावाच्या भाषेकडे परतले. 1977 साली गावकऱ्यांसोबत गिकुयूत नाटक केलं म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं, आणि तिथे त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयू कादंबरी लिहिली. माझ्या गळ्यात कुणी पाटी अडकवली नव्हती. ती मी माझ्या हातांनी बांधून घेतली होती. न्गुगींबद्दल वाचलं त्या रात्री मी कित्येक वर्षांनी आबांशी अहिराणीत बोलले. पहिले दोन शब्द अडखळले. मग जीभ गावी पोचली.

टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे राष्ट्राध्यक्ष झाले तरी लोक त्यांना म्वालिमू म्हणत, म्हणजे गुरुजी. आमच्या शेजारच्या उर्दू वर्गातला मुअल्लिम, तोच हा शब्द. 1967 साली शिक्षणावर लिहिताना त्यांना सलत होतं ते हेच, की शाळा मूठभरांना वर उचलते आणि उरलेल्यांपासून तोडते. शिकलेलं लेकरू आपल्याच गावाकडे परक्या नजरेने पाहू लागतं. शाळेला शेत हवं, मुलांच्या हाताला माती हवी, शिकण्याचा दाणा सगळ्यांच्या कणगीत पडायला हवा. तीस वर्षं आधी, 1937 साली, वर्ध्याला गांधीजींनी अशाच शिक्षणाची नयी तालीम मांडली होती. तिची मुळं पुन्हा आफ्रिकेतच, फिनिक्सच्या आणि टॉलस्टॉय फार्मच्या मातीत, जिथे ते स्वतः मुलांना शिकवायला बसत. सुरतेहून पूर्वेला वेडछीच्या आदिवासी मुलखात जुगतराम दवे यांनी तीच वात आयुष्यभर तेवत ठेवली. आणि 1995 साली पहिला गांधी शांतता पुरस्कार मिळाला तो न्येरेरेंना. समुद्रापलीकडून आलेला विचार समुद्रापलीकडे परत गेला. याला देणं म्हणावं की घेणं? गोधडीतली ऊब पहिल्यांदा कुणाची होती, हे कुणाला सांगता येईल?

सगळीच ये-जा अशी उबेची नव्हती. आमच्या लोकलच्या वाटेवर उधन्यानंतर भेस्तान येतं आणि मग सचिन. आज तिथे कारखान्यांची धुराडी दिसतात. पण 1791 साली तिथे मूळच्या आफ्रिकी सिद्दींचं संस्थान उभं राहिलं, जंजिऱ्याच्या घराण्यातलं. त्याआधी 1759 पर्यंत सुरतेचा किल्ला सिद्दींच्याच ताब्यात होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कितीजण या बंदरांत विकायला म्हणून आणले गेले. काही सरदार झाले, नवाब झाले, आणि फार मोठ्या संख्येने नुसते नाहीसे झाले. त्यांची नावं झमानीत विरली. भरूचकडे रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. तिथले सिद्दी धमाल नाचतात. पूर्व आफ्रिकेत ढोलाला आणि नाचाला न्गोमा म्हणतात. इथे तो शब्द गोमा होऊन राहिला आहे. मी ती धमाल एकदा पाहिली. ढोल घुमत होता, तुंब्याच्या मलुंग्याची एकच तार थरथरत होती, एकजण बोल उचलत होता आणि बाकीचे त्याला उत्तर देत होते. भाषा हरवली, गाव हरवलं, आईचं नाव हरवलं. उत्तर देण्याची रीत तेवढी राहिली.

सगळं लुटलं गेल्यावरही माणसाजवळ हुंकारा उरतो.

मी मराठी, सुरतेची. मला एकच इतिहास दोन काठांवरून ऐकावा लागला. 1664 सालची ती घटना आमच्या घरात शिवाजी महाराजांची स्वारी होती, आणि शेजारच्या काकींच्या तोंडी शहराची लूट. सिद्दी म्हटलं की आमच्या गोष्टींत फक्त जंजिऱ्याचा न पडलेला किल्ला उभा राहायचा. लहानपणी वाटायचं, एक काठ खरा असेल तर दुसरा खोटा असला पाहिजे. आता तापीच्या पुलावरून जाताना वाटतं, नदी कळायला दोन्ही काठांवर अनवाणी उभं राहावं लागतं. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर असेच दुसऱ्या काठावर जाऊन राहिले. गुजराती त्यांनी इतकी आपली केली, की गांधीजी त्यांना सवाई गुजराती म्हणाले. पुढे ते पूर्व आफ्रिका हिंडून आले आणि ते प्रवासवर्णनही त्यांनी गुजरातीतच लिहिलं. त्यांची मायबोली त्याने उणी झाली नाही. तिला आणखी एक अंगण मिळालं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी लिंबायतच्या गल्ल्यांत खानदेशाची देवी कानबाई बसते. रात्रभर जागर, फुगड्या, अहिराणी गाणी. कपाळं कुंकवाने माखलेली. लहानपणी ज्या भाषेला मी दाराआड लपवलं, ती त्या रात्री भर रस्त्यात नाचते. सोमवारी कानबाई तापीवर जाते. ही तीच तापी, जी आजीच्या गावाला वळसा घालून येते. आमची माणसं पोटापाठी तिच्याच वाटेने इथवर आली. ती मात्र थांबत नाही, शहर ओलांडून डुमसकडे समुद्रात उतरते. विसर्जनाच्या पाण्यात उभी असताना मला वाटतं, या पाण्याची शेवटची ओळ कुठे तरी पलीकडच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या वाळूत, कुणाच्या तरी पावलांशी वाचली जात असेल.

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. गोधडी आहे. तिच्यावर मायने खात्यातल्या चिंध्यांची, सुरती साड्यांच्या काठांची ठिगळं जोडली. मूळची लुगडी आता कुठून सुरू होतात, ते बोटांनाही सापडत नाही.

आबा थकलेत. चाळीस वर्षांच्या संच्यांनी त्यांचे कान नेले. त्यांच्या जगात आता सदाचीच दिवाळीची सुट्टी आहे. रात्री माझी लेक त्यांच्या कुशीत शिरते आणि गोष्ट मागते. शब्द त्यांना ऐकू येत नाहीत, पण ती काय मागते आहे ते त्यांना दिसतं. ते सुरू करतात. तोच राजा, तेच रान, तीच कोरडी पडलेली तहान. एक वाक्य बोलतात आणि थांबतात. लेक "हं" म्हणते. आबा थांबलेलेच. ती पुन्हा म्हणते, मोठ्याने. राजा विहिरीच्या काठाशी उभा.

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी दारात होते, आणि मला वाटलं, गोष्ट संपली.

लेक काही क्षण अंधारात विचार करत राहिली. मग तिने आबांचा हात शोधला. संच्याच्या तेलाने कायमचा काळवंडलेला, जाड, भेगाळलेला तळहात. तो तिने उचलला, उलगडला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. आणि म्हणाली, "हं."

कंप हातात उतरला. आबांचे डोळे भरून आले.

माझ्याही तळव्यावर खडूचे उलटे आकडे एकदम जागे झाले. बाहेर खात्यातून खटक्-खट, खटक्-खट चालू होतं. शहर कुशीवर वळलं. कुणीतरी पाळी संपवून निघालं होतं, कुणीतरी ऊब टाकून उठलं होतं.

पोहरा विहिरीत खाली गेला.